उसना खापरपणजोबा

मी एक जुनी कातर आहे, मित्रांनो. कागदाची कात्री नव्हे, मेंढ्यांची लोकर उतरवायची कातर. माझी दोन्ही पाती एकाच पोलादी पट्टीची असून बुडाशी कमान आहे. दाबले की पाती मिटतात, सोडले की आपली आपण उघडतात. उघडे राहणे हा माझा स्वभावच आहे. म्हणून काम नसले की माझ्या पात्यांवर चामड्याचा पट्टा चढवतात. तो चढला की माझा जीव कासावीस होतो. तुम्हाला वर्गात हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवले की जसे होते ना, तसेच.

माझा जन्म दूरच्या डोंगरांतल्या तेरेक-बुलाक गावच्या लोहाराकडे झाला, ट्रकच्या स्प्रिंगच्या एका तुटक्या पाट्यातून. ट्रकखाली होते तेव्हाही मी धक्केच खात असणार. स्वस्थपणा माझ्या रक्तातच नाही. लोहाराने मला ओरोज आकेंच्या हाती दिले. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे आके म्हणतात, पण ते तेव्हा तरणेबांड होते आणि सामुदायिक शेतीवर लोकर कातरायचे काम करत. उन्हाळ्यात आम्ही वरच्या कुरणांवर जायचो. मेंढी पायांत धरायची, पोटाकडून सुरुवात करायची आणि अख्खी लोकर अंगरख्यासारखी एकसंध उतरवायची. ओरोज आकेंच्या हातून कधी मेंढीला ओरखडा गेला नाही. बाकीचे कातरणारे मला उचलून बघत आणि म्हणत, ओरोजचा हात कुठे संपतो आणि कातर कुठे सुरू होते तेच कळत नाही. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडायचे.

मग विजेची यंत्रे आली. मग ती शेतीच मोडली, मेंढ्या घरोघर वाटल्या गेल्या आणि यंत्रेही कुठे गेली कळले नाही. तोवर मला मात्र सगळे विसरले होते. गोठ्यातल्या खिळ्याला मी लोंबकळत राहिले. बाहेर जर्दाळू पिकायचे, मुले ओरडायची, कुणाचे तरी गाढव सुटून पळायचे आणि मला आतून नुसता गलका ऐकू यायचा. गाढव सापडले की नाही, ते काही कळायचे नाही. त्या वर्षांबद्दल मला जास्त बोलवत नाही. पुढे जाऊ या.

मला खाली काढले ते बुरुलने. बुरुल ही ओरोज आकेंची नात, पाचवीतली. तिला कागद कापायचा होता आणि आईची शिवणाची कात्री मागायची सोय नव्हती. कागद कापून कात्रीची धार घालवलीस तर बघ, असे आईने बजावले होते. जगातल्या सगळ्या आयांचे या एका बाबतीत एकमत असावे. बुरुलने माझा पट्टा सोडला तशी मी टणकन उघडले. ती दचकली आणि मग हसली.

कागद कशाला कापायचा होता, ते सांगते. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात. गावच्या वाचनालयातल्या कानिशाय एजेने मुलांना एक खेळ शिकवला होता. एक कागद घ्यायचा. घड्या घालून त्याचे आठ चौकोन करायचे. चौकोनांत चित्रे काढायची आणि चित्रांतल्या माणसांच्या तोंडी बोलणी घालायची. मग मधोमध एक चीर द्यायची आणि कागद दुमडायचा, की तळहातावर मावेल अशी चित्रकथा तयार. शिवण नको, डिंक नको. मुखपृष्ठ सोडले तर पाने सात, म्हणून मुले तिला सातपानी म्हणत. कानिशाय एजे वाचनालयाच्या झेरॉक्सवर प्रती काढून द्यायची आणि एकेका प्रतीला चीर देणे हे माझे काम. मेंढीमागून मेंढी यायची, तसा आता कागदामागून कागद. माझ्या अंगची लोकरीची चरबी काही गेली नव्हती. त्यामुळे आमच्या सातपान्यांना मेंढीचा वास यायचा आणि मांजरे त्या चाटायची.

शेजारचा भांडकुदळ कोंबडा, सरोवरात पडलेला मोबाइल, गणिताच्या बाईंची उलटी झालेली छत्री, कशावरही सातपानी निघायची. पण ती फुकट बघायला मिळत नसे. आमच्यात नवे बाळ, नवी नवरी किंवा नवी वस्तू पहिल्यांदा बघणाऱ्याने काहीतरी द्यायचे असते. त्याला कोरुमदुक म्हणतात. डोळ्यांची दक्षिणाच म्हणा ना. मुलांनी तोच कायदा सातपानीला लावला. मूठभर जर्दाळू दे, नाहीतर सुकवलेल्या दह्याचा गोळा दे, नाहीतर तुझी सातपानी दे, मगच बघ. मी दिवसभर या हातातून त्या हातात फिरत होते. इतक्या सुखात मी कुरणांवरही नव्हते.

त्या उन्हाळ्यात बुरुलच्या डोक्यात किडा वळवळला. पाने सात आणि बापही सात! आमच्याकडे प्रत्येक मुलाला आपल्या सात पिढ्यांचे बाप पाठ असावे लागतात. सात बाप ज्याला ठाऊक नाहीत तो गुलाम, अशी म्हणच आहे. आणि ज्या दोन घरांच्या सात पिढ्यांत एखादा बाप सामाईक निघाला, त्यांच्यात लग्न होत नाही. ती मुले भाऊबहीण ठरतात. हे नीट ध्यानात असू द्या, कारण पुढचे महाभारत यावरूनच घडले.

बुरुलने आपले सातही बाप काढले. पहिल्या पानावर तिचे वडील, दुसऱ्यावर ओरोज आके आणि मी, तिसऱ्यावर घोडा विकून दुसऱ्या दिवशी तोच घोडा दुप्पट भावाने परत आणणारे त्यांचे वडील. सगळ्यांत भाव खाऊन गेला तो सहावा, बोरुबाय. लांडग्याने त्याची मेंढी नेली तेव्हा तो गप्प बसला, पण टोपी नेली तेव्हा डोंगरापलीकडे पाठलाग करून टोपी परत आणली. कारण टोपी नवी होती. ही सातपानी गावभर झाली. मग काय, प्रत्येकाला आपापले बाप काढायचे होते.

एके दिवशी ओढ्यापलीकडून सेयिल आली. सेयिल बुरुलएवढीच. तिचा भाऊ तिलेक याच्याशी आमच्या जिपारचे लग्न ठरले होते. जिपार ही ओरोज आकेंची धाकटी लेक, बुरुलची आत्या. तिची जीभ इतकी चालायची की गावातले लोक तिला माझी बहीण म्हणत. पण तिलेकचे नाव निघाले की ती गप्प व्हायची आणि उगाच अंगण झाडायला घ्यायची.

सेयिलने आपली सातपानी कच्ची काढून आणली होती. पाच पाने भरलेली होती, सहावे आणि सातवे कोरे. तिचे वडील केनेश आके गावातल्या पाण्याच्या पाळ्या ठरवत. त्यांनी तिला पाच बाप सांगितले होते, स्वतःला धरून. सहावा विचारला तर पाटावर जायचे आहे म्हणून निघून गेले होते. कोरी पाने घेऊन गावात कशी फिरणार? सगळे गुलाम म्हणून चिडवतील, असे म्हणून सेयिल रडकुंडीला आली. इकडे बुरुलचीही पंचाईत झाली. तिने सेयिलची सातपानी पहिल्यांदा बघितली होती, म्हणजे कोरुमदुक द्यायला हवे होते. तिने खिसे चाचपले. जर्दाळू दोघींनी मिळून मघाशीच फस्त केले होते.

"मग माझा बोरुबाय घे," बुरुल म्हणाली. "भारी माणूस आहे."

"बाप असा देता येतो?"

"आमचा आहे, आम्ही देऊ. आणि तो एकटा कसा येईल? त्याच्या बापालाही घेऊन जा."

दोघी पोट धरधरून हसल्या. सेयिलने सहाव्या पानावर टोपी आणि लांडगा काढला, सातव्यावर बोरुबायचा बाप. कागद झेरॉक्स होऊन आला आणि मी चिरा दिल्या. त्यात कुणाचे काही वाकडे होईल असे त्या दोघींच्या गावीही नव्हते.

पण सातपानीला पाय असतात. सेयिलचे बाप ओढ्यापलीकडे घरोघर फिरले. लग्नाच्या तयारीला आलेल्या एका मावशीने चहा पिता पिता दोन सातपान्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, अगं बाई, हा टोपीवाला तर दोन्हीकडे आहे! झाले. सहाव्या पिढीत दोन घरे एक. म्हणजे जिपार आणि तिलेक भाऊबहीण.

केनेश आके आमच्याकडे आले ते दुपारच्या वेळी. अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली दस्तरखान, म्हणजे खाण्यापिण्याचे मांडायचे कापड, अंथरला होता, जिपार चहा ओतत होती. मी बाकावर बुरुलच्या हातात होते. केनेश आकेंनी दोन्ही सातपान्या पावाशेजारी ठेवल्या.

"व्याही व्हायला निघालो होतो, ओरोज आके," ते म्हणाले, "आता भाऊ म्हणून बसावं लागणार."

ओरोज आकेंनी दोन्हीकडचे बोरुबाय निरखून बघितले. "हा आमचा. तुमच्याकडचा म्हणून कधी कानावर आला नाही. तुझे वडील काय सांगायचे, केनेश?"

सगळे केनेश आकेंकडे बघू लागले. मित्रांनो, 'माहीत नाही' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण ज्या माणसाला अख्खे गाव विचारायला येते, त्याच्या तोंडून ते दोन शब्द निघत नाहीत. ते पेल्यात बघत राहिले.

"पोरीच्या पुस्तकात आहे तेच," ते म्हणाले.

आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धा पेला देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. पेला भरून दिला तर त्याचा अर्थ, आता उठा. जिपारने केनेश आकेंचा पेला काठोकाठ भरला. केनेश आके उठले, टोपी घातली आणि निघून गेले.

बुरुल इतकी हादरली होती की तिच्या हातात मी नुसतीच उघडत मिटत होते, कच्, कच्, कच्. तिच्या आईने मला हिसकावून घेतले. रिकामी कातर वाजवतेस, मग घरात भांडण होणार नाही तर काय, असे म्हणून तिने पट्टा आवळला आणि मला कोठीच्या खोलीत पिठाच्या पेटीवर फेकले. म्हणजे दोष माझा! मला खरे काय ते ठाऊक होते, आणि नेमके माझेच तोंड बांधलेले. बाहेर कोण रडते आहे, कोण समजूत घालते आहे, कान देऊन देऊन मी थकले.

शेवटी कोठीचे दार उघडले. जिपार पीठ घ्यायला आली होती आणि तिच्या मागे बुरुल.

"एजे," बुरुल म्हणाली, "बोरुबाय मी दिलाय सेयिलला."

"दिलाय म्हणजे?"

"कोरुमदुक म्हणून. खिशात काही नव्हतं."

जिपार पिठाच्या पोत्यावर बसली. आधी हसली, मग हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आले. "अगं, बटण द्यायचंस, रुमाल द्यायचास. बाप कोण देतं?"

बुरुलला तेव्हाच्या तेव्हा गावात जाऊन सगळ्यांना ओरडून सांगायचे होते. जिपारने तिची बाही धरली.

"आणि मग? त्यांना सहावा बाप ठाऊक नाही, हे चव्हाट्यावर येणार. आपल्याच माणसांसमोर ते खोटे ठरणार. मला नवरा मिळेल गं, पण त्या घरात जन्मभर माझ्याकडे कुणी मान वर करून बघणार नाही."

"मग तिलेकदादाला सोडणार?"

"सोडायला तो काय मेंढी आहे?" जिपार खेकसली.

सांगावे तर सासरा दुखावतो, न सांगावे तर नवरा जातो. कात्रीत सापडणे म्हणतात ना? मी स्वतः कातर, तरी त्या दिवशी मीही कात्रीत सापडले होते. नुसती तडफडत होते.

मग बुरुलने मला पेटीवरून ओढले, पट्टा सोडला आणि बाकावर जाऊन कागद पसरला. या सातपानीत बाप नव्हते. पहिल्या पानावर दोन मुली. दुसऱ्यावर एक उलटा केलेला खिसा, त्यातून नुसता धागा लोंबतोय. तिसऱ्यावर बोरुबाय पिशवी घेऊन ओढा ओलांडतोय आणि मागून त्याचा बाप, पाय भिजले म्हणून कुरकुरतोय. चौथ्यावर परक्या घरात दोघे अवघडून बसलेत. पाचव्यावर मावशी आणि तिचे वासलेले तोंड. सहाव्यावर भरलेला पेला. सातव्यावर नवरीचा पांढरा रुमाल डोक्याला बांधलेली एक मुलगी उघड्या फाटकाशी उभी आहे आणि रस्त्यावर कुणी नाही.

कागद वाचनालयात दाखवला तेव्हा कानिशाय एजेने विचारले, प्रती किती काढू? बुरुल म्हणाली, एकही नको. त्या एकाच कागदाला मी चीर दिली. पुस्तक असे एकाच माणसासाठीही करता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

बुरुलकडून ते घेऊन सेयिलने वडिलांच्या टोपीत ठेवले. पुढचे तिनेच येऊन सांगितले. त्यांनी ते उभ्याने वाचले, मग बसून वाचले, मग छातीच्या खिशात घालून पाटावर गेले. त्या दिवशी पाण्याची पाळी कुणाचीच नव्हती.

वाट बघणे माझ्याने होत नाही. बुरुलच्यानेही होत नव्हते. ती दर थोड्या वेळाने फाटकाशी जाऊन यायची. जिपारने कणीक इतकी मळली की पाव दगडासारखे झाले आणि ओरोज आकेंनी ते चहात बुडवून मुकाट्याने खाल्ले.

दुसऱ्या दिवशी केनेश आके आले. एकटेच. घराकडे गेले नाहीत, तडक आमच्या बाकाशी आले. बुरुल आणि सेयिल उठून उभ्या राहिल्या.

"एखादा कागद आहे का?" त्यांनी विचारले.

बुरुलने कागद दिला. त्यांनी घड्या घातल्या, वाकड्यातिकड्या. पेन्सिल फावड्यासारखी धरून ते आपल्या वडिलांना काढू लागले, मग आजोबांना. सातपानीची अर्धी चित्रे उलटी काढायची असतात, नाहीतर दुमडल्यावर माणसे डोक्यावर उभी राहतात. हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

"आके, तुमचे आजोबा उलटे झालेत," बुरुल हळूच म्हणाली.

"राहू दे. होतेच ते उलट्या खोपडीचे."

चार पाने झाली. पाचव्यावर त्यांची पेन्सिल थांबली. एव्हाना ओरोज आके बाहेर आले होते, बुरुलची आई दारात होती, तिच्यामागे जिपार. केनेश आकेंनी पाचव्या पानावर चित्र काढलेच नाही. तळाशी बारीक अक्षरात लिहिले, 'विचारायचं राहून गेलं.' सहाव्यावर तेच, सातव्यावर तेच.

मग त्यांनी मला स्वतः हातात घेतले. घट्टे पडलेला हात, पण चीर सरळ दिली.

"मी नुकताच घोड्यावर बसायला शिकलो होतो," ते कुणाकडे न बघता म्हणाले. "वडिलांनी एका बैठकीत चार सांगितले. उरलेले उद्या सांगतो म्हणाले. त्या हिवाळ्यात ते गेले."

केनेश आकेंनी सेयिलला सांगितले, याच्या प्रती काढून आण, गावात प्रत्येक घरी एक गेली पाहिजे. पण त्याआधी हातातली सातपानी त्यांनी ओरोज आकेंपुढे धरली. ओरोज आकेंनी एकेक पान बघितले. कोऱ्या पानांवर ते जास्त वेळ थांबले. शेवटचे पान मिटून त्यांचा हात रिवाजाप्रमाणे खिशात गेला, कारण पहिले बघणारे तेच होते. एक खिसा झाला, दुसरा झाला. हात रिकामाच बाहेर आला.

"बाबांच्या खिशात काही नाही," दारातून जिपार म्हणाली. "कोरुमदुक म्हणून मीच येते."

होणाऱ्या सासऱ्यासमोर सून असे बोलत नसते. बुरुलच्या आईने तोंडावर हात नेला. केनेश आकेंनी जिपारकडे बघितले, सातपानी बघितली, पुन्हा जिपारकडे बघितले.

"ये," ते म्हणाले. "पेला तेवढा अर्धाच भरत जा."

जर्दाळू छपरांवर वाळत पडले होते तेव्हा लग्न झाले. त्याआधी केनेश आकेंची सातपानी मेंढीच्या वासासकट घरोघर पोहोचली होती. तिला कुणी हसेल अशी सेयिलला धास्ती होती. कुणी हसले नाही. उलट चांगले दाढीवाले आजोबा एकेक करून आमच्या बाकाशी यायला लागले. इकडेतिकडे बघायचे आणि म्हणायचे, मलाही एक कागद दे गं. त्यांच्यातही कोरी पाने निघाली, कुणाचे एक, कुणाची दोन. पण कोरे पान बघून दुसऱ्या कुणाला तरी आठवायचे, आणि तो आपल्या पेन्सिलीने एखादे नाव भरून जायचा. केनेश आकेंची तीन पाने मात्र अजून कोरीच आहेत. सातपान्या दुसऱ्या खोऱ्यांतही गेल्या आहेत. मी वाट बघते आहे, म्हणजे माझ्या पद्धतीने, तळमळत.

आता बुरुल शिकायला मोठ्या गावी गेली आहे. तिच्यामागची मुले मला कधी घेतात, कधी पावसात बाकावर विसरतात. पात्यांच्या टोकांना गंज चढू लागला आहे. मित्रांनो, तुमच्या घरी अशी जुनी अवजारे असतील तर काम झाल्यावर पुसून ठेवत जा, एवढी माझी विनंती आहे. पण खरी विनंती वेगळीच आहे. जे ठाऊक नाही ते उसने आणून भरू नका. पान कोरे दिसले म्हणून कुणी गुलाम होत नाही. आणि कोरे सोडण्याआधी विचारा. मला दगडावर घासले की माझी धार परत येते. उद्या सांगतो म्हणणाऱ्या माणसाचे तसे नसते. म्हणून आज घरी गेलात की आधी विचारा आणि मग जेवायला बसा.